बाबांचा उलटा डिमर

शपथेवर सांगतो, यातला एक शब्दही पदरचा नाही. मी वायरमन आहे. पंचवीस वर्षं विजेशी खेळतोय, भुताखेतांना भीक घालत नाही.

घालत नव्हतो.

गेल्या महिन्यातला मंगळवार, दुपारचे तीन. आईची आतली खोली, जिला खिडकीच नाही.

आईला अंधाराची भारी भीती. म्हणून बाबांनी तिथल्या बल्बसाठी स्वतः डिमर बनवला होता. फक्त वायरी उलट जोडल्या. गोल बटण उजवीकडे फिरवलं की उजेड कमी! चूक कबूल करतील तर ते बाबा कसले? "मी डावखुरा आहे," म्हणायचे. रोज आई झोपेपर्यंत बल्बचा उजेड हळूहळू उतरवायचे. मंद झाला की बल्ब गुणगुणायचा. पण पूर्ण बंद त्यांनी कधीच केला नाही.

बाबा गेले आणि आईची झोपच उडाली. तीन आठवडे डोळ्याला डोळा नाही. त्यात डिमर जळाला, बल्ब कायम भगभगीत.

मी डिमर काढून पिशवीत टाकला. बल्ब थेट स्विचला जोडला.

"उद्या नवा आणतो. सरळ फिरणारा!"

"नको रे बाबा, मला उलट्याचीच सवय," आई हसली आणि आडवी झाली.

पाच मिनिटं गेली असतील...

गुणगुण.

मी वर पाहिलं. बल्ब उतरत होता... हळूहळू...

अहो, थेट जोडलेला बल्ब असा उतरत नाही! व्होल्टेज पडलं म्हणावं, तर स्वयंपाकघरातला बल्ब लख्ख.

मी आईला हाक मारणार होतो. पण आईचे डोळे मिटत होते. इतक्या दिवसांनी झोपतेय, म्हणून मी तोंडातून ब्र काढला नाही.

बल्बची तार नुसती लाल उरली...

"आज पूर्ण बंद केलात तरी चालेल," आई पुटपुटली. "आता नाही भीती वाटत."

'केलात'? मला तर ती 'अरे-तुरे' करायची.

बल्ब विझला. गुणगुण थांबली.

मी स्विच खटखटवला. बल्ब लख्ख पेटला. आई उठली नाही, ती नाहीच.

दोन दिवसांनी पिशवी उघडली. डिमर काढताना बटण डावीकडे, टोकाला होतं. मी स्वतः पाहिलं होतं.

आता ते पार उजवीकडे होतं...

तेव्हाच आईला हाक मारली असती तर?

हल्ली मी दिवा लावूनच झोपतो. झोपतो कसला, बल्बकडे बघत पडून राहतो.