आपल्या टीमची दृष्ट

"अरे देवा! माझा बूट!"

लंडनच्या त्या अवाढव्य स्टेडियममध्ये, एवढ्या हजारो माणसांत, माझ्या हॉटडॉगवरचा पिवळा सॉस नेमका मराठी बुटावर पडावा... आता ह्याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा!

"सॉरी, सॉरी... मराठी?" मी टिश्यू शोधत विचारलं.

"बूट इथलाच आहे. मी मराठी," तो म्हणाला आणि हसला.

शी! इतकं छान हसायचं असतं का कुणी अनोळखी मुलीसमोर? मी खाली वाकून उगाच त्याचा बूट पुसायला लागले, तर तो दोन पावलं मागे सरकला. "अगं, राहू दे! लोक बघतायत. त्यांना वाटेल, मी तुला प्रपोज करायला लावतोय."

मी कानापर्यंत लाल झाले. लाल व्हायला मला कारण लागत नाही म्हणा, पण हे कारण बरं होतं.

त्याचं नाव अनिश. मूळचा नागपूरचा, आता लेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट. बेसबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. मित्राने दोन तिकिटं काढली आणि आयत्या वेळी टांग दिली, म्हणून हा एकटाच आला होता. "माझ्या शेजारची सीट रिकामी आहे," तो म्हणाला. "बुटाची भरपाई म्हणून मला हा खेळ समजावून सांग. की... कोणी वाट बघतंय तुझी?"

"नाही," मी म्हणाले. "फ्रेंड्सबरोबर आलेय. ते आहेत तिकडे... कुठेतरी."

खोटं! धडधडीत खोटं! मी आले होते माझ्या आईबाबांबरोबर, आणि 'जरा पाय मोकळे करून येते' असं सांगून त्यांच्यापासून पळाले होते.

त्याचं असं आहे. मी जन्मायच्या आधी बाबा ऑफिसच्या कामासाठी तीन वर्षं अमेरिकेत होते. तिथे त्यांना ह्या टीमचं वेड लागलं. पुढे आम्ही इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला आलो, मी इथे वाढले, पण वेड काही सुटलं नाही. आमच्या घरात त्या टीमला नावसुद्धा नाही. ती नुसती 'आपली'. "आपली हरली गं," म्हणत बाबा दोन दिवस वरणात मीठ आहे की नाही ह्याकडेही बघत नाहीत. आणि एकदा आपली हरत असताना आईने गमतीत टीव्हीसमोर मीठ-मोहरी ओवाळून बॅटरची दृष्ट काढली, तर त्याने पुढचाच चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. झालं! तेव्हापासून अटीतटीची वेळ आली की बाबा टोपी उलटी करून घालतात, तसं अमेरिकेतले चाहतेही करतात, पण आई शेजारी उभी राहून टीव्हीवरून मीठ-मोहरी ओवाळते. घरात चालतं हो. आज तीच टीम लंडनला खेळायला आली होती, आणि आईच्या पर्समध्ये पुडी होती. तुम्ही नसता पळालात?

म्हणून मी अनिशच्या शेजारी जाऊन बसले.

"हा पळत का नाहीये?" त्याने विचारलं.

"कारण त्याने चेंडू मारलाच नाही."

"मग ह्याला बॅट दिली काहून?"

मी खळखळून हसले. तो म्हणाला, "हसते काय! मास्तरीणबाई, नीट शिकवा." आमचे खांदे मध्येच एकमेकांना लागायचे. मग दोघंही इतकं सॉरी म्हणायचो, की पुढच्या रांगेतल्या आजी वळून हसल्या. मला वाटलं, हा खेळ कधी संपूच नये...

आणि तेवढ्यात आपल्या टीमवर अटीतटीची वेळ आली.

मी डोळे गच्च मिटले. उघडले, तेव्हा समोरच्या भल्यामोठ्या स्क्रीनवर माझी आई होती. मूठ वळलेली, ओठ पुटपुटणारे, खाली मैदानातल्या त्या धिप्पाड बॅटरवरून मीठ-मोहरी ओवाळणारी. शेजारी उलटी टोपी घातलेले बाबा, हात जोडून. अख्खं स्टेडियम हसायला लागलं. कॅमेरा काही केल्या हलेना.

"कोण आहेत गं हे काका-काकू?" अनिश हसून हसून बेजार झाला होता. "आपलेच वाटतात! ओळखतेस?"

"काय माहीत," मी म्हणाले. "असतात एकेक नमुने."

आणि मी हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले.

मग पाऊस आला. मैदानावर ताडपत्री पसरली, खेळ थांबला, आणि आम्ही सगळ्यांबरोबर खाली आडोशाला गेलो. अनिशने दोन चहा आणले. माझ्या कपाळावर आलेली ओली बट बघून त्याचा हात किंचित वर आला... आणि परत कपावर जाऊन बसला. "मालविका," तो म्हणाला, "मला हा खेळ अजिबात कळला नाही. पुन्हा शिकवशील? लेस्टरला... किंवा ब्रॅकनेलला... म्हणजे, कुठेही?"

मी 'हो' म्हणणार, एवढ्यात गर्दीतून बाबा आले. टोपी अजून उलटीच. हातात माझा रेनकोट. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"काका! तुम्ही स्क्रीनवर होतात ना?" अनिश पुढे झाला. "एक नंबर!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. काही बोलायला तोंड उघडलं. आणि मी... मी नकारार्थी मान हलवली. अगदी थोडी. अनिशला दिसणार नाही इतकीच.

बाबांना दिसली.

"हो, हो... आमची आपली गंमत," ते अनिशला म्हणाले. "मुलीला शोधतोय. कोट विसरून गेली ती."

"कशी दिसते? आम्ही पण शोधतो. लहान आहे का?"

"नाही, नाही. मोठी झालीय आता," बाबा म्हणाले. "येईल तिची ती." मग माझ्याकडे वळून, कुणा परक्या बाईशी बोलावं तसं म्हणाले, "तुम्ही भिजलात वाटतं. हा घ्या. तुम्हाला बसेल."

तुम्ही! माझे बाबा मला तुम्ही म्हणाले! कोट माझ्या हातात देऊन ते गर्दीत दिसेनासे झाले, एकदाही मागे वळून न बघता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. काका-काकूंची लाज वाटली होती म्हणे! आता स्वतःची जी वाटत होती, तिला ठेवायला जागाच नव्हती.

"किती साधे आहेत गं," अनिश हळहळला. "स्वतःच्या मुलीचा कोट तुला देऊन गेले. चल, आपण त्या स्टीवर्डला सांगू. अनाउन्समेंट करतील. मुलीचं नाव विचारायला हवं होतं."

तो खरंच निघाला. मी त्याची बाही धरली.

"अनिश... थांब. मुलीचं नाव मालविका आहे."

आधी त्याला कळलं नाही. मग कळलं. डोळ्यांतलं हसू सावकाश मावळलं, आणि ते मावळताना बघण्यापेक्षा त्याने मला चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

"म्हणजे मघाशी मी हसत होतो, तेव्हा..."

"तू हसलास ते ठीक आहे रे. तुला माहीत नव्हतं. मी..." मी त्याची बाही सोडली.

"माझे बाबा इथे आले ना," तो खालमानेने म्हणाला, "तर ते ट्यूबमध्ये मोठ्याने फोनवर बोलतील, रस्त्यात कुणालाही थांबवून गाव विचारतील. मग तू काय करशील?" मग तो म्हणाला, "जा तू. वाट बघत असतील."

वर आले, तर आई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. बाबांनी टोपी सरळ केली होती. मी शेजारी बसले आणि सॉरी म्हणायच्या आधीच ते घाईघाईने बोलले, "मुलगा चांगला वाटला गं. आमचंच चुकलं. सगळ्यांसमोर असं करायला नको होतं. तुला अवघड झालं."

माझी चूक, आणि माफी ते मागत होते! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पाऊस थांबला. खेळ सुरू झाला. पुन्हा तीच अटीतटी, आणि आई मात्र नुसती बसून होती. मी तिची पर्स ओढली, पुडी काढली आणि उभी राहिले. मागून कुणीतरी फोन वर केला. लाज वाटत होती का? वाटत होती की! खोटं कशाला सांगू? पण मी मूठ त्या बॅटरकडे धरली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "आल्यागेल्याची, सवाष्णीची, शेजाऱ्यापाजाऱ्याची..."

"मालू, बस खाली!" बाबा पुटपुटले.

"तुम्ही टोपी उलटी करा आधी!"

बॅटर पहिल्या फटक्याला आउट झाला. आपली हरली. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "मेले, उलटी ओवाळलीस!" आणि आम्ही तिघंही हसत सुटलो.

हसता हसता बघते, तर आमच्या रांगेच्या टोकाला अनिश उभा. बहुतेक सगळं पाहिलेलं. मी डोळे पुसले. "बाबा, आई, हा अनिश. अनिश, हे माझे आईबाबा." आवाज कापला, पण पोचला.

तो वाकून दोघांच्याही पाया पडला. मग माझ्याकडे वळला. "मी अजून रागावलेलो आहे."

"माहीत आहे."

"शनिवारी लेस्टरला ये. बेलग्रेव्ह रोडवर चहा चांगला मिळतो." तो जरा घुटमळला. "हे सगळं असूनही... मला तू आवडलीस. काय करू?"

मी काही बोलायच्या आत बाबा उठून उभे राहिले. "तुम्ही बोला. आम्ही जरा पुढे होतो. आमचं काय काम..."

मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. "शनिवारी आम्ही तिघं येऊ, अनिश," मी म्हणाले. "चालेल?"

"चालेल काय, पळेल," अनिश म्हणाला आणि त्याचं ते हसू परत आलं.

मैदान रिकामं झालं होतं, तरी बाबा तिकडेच बघत राहिले. हात मात्र त्यांनी सोडला नाही, आणि मीही सोडला नाही.