दहापैकी आठ

“मॅडम, मराठी समजते… पण लिहायला बसलो की हात थांबतो.” त्या पहिल्या रविवारला दोन वर्षं झाली. तो आवाज अजून कानात आहे, थोडा अडखळता, थोडा हसरा.

आमच्या हिंदी भाषिक शहरात, टी. टी. नगरच्या मराठी मंडळात मी रविवारी सकाळी मोठ्या माणसांना मराठी शिकवते. अंबरीश तिवारी मंडीदीपहून बसने यायचा. तिथल्या कारखान्यात फोरमन. पुण्याच्या शाखेत बढती हवी, म्हणून मराठी लिहिता यायला हवं होतं. माझा नियम एकच: रोज वहीत लिहायचं, रविवारी मी हिरव्या शाईनं तपासणार.

सुरुवातीला रोजची एकच ओळ. ‘आज मशीन चालली.’

“जात्यावर बसलं की ओवी सुचते, अंबरीशजी. बसत राहा.”

“जातं म्हणजे चक्की ना? मी तर दिवसभर मशीनवर असतो, तिथे काही सुचत नाही. इथे सुचतं… तुमच्यासमोर.”

“मग इथलंच लिहा,” मी खिडकीकडे बघत म्हटलं.

तो लिहू लागला. बाकावर सरकत येणारं ऊन, माझ्या बोटांवरची शाई, पोह्यांवरची शेव मी हळूच बाजूला करते ते… ओळींची पानं झाली. मी रविवारची वाट बघू लागले.

आणि एकदा वहीत पत्र निघालं. ‘पुण्याचा अर्ज भरायचा आहे. तुम्ही थांब म्हणालात, तर नाही भरणार.’

आणि मी… मी ते तपासलं. चार चुका. दहापैकी आठ.

त्यानं आकडा पाहिला, वही मिटली. “शुक्रिया, मॅडम.”

त्यानंतर पुन्हा रोजची एकच ओळ. ‘आज मशीन चाललं.’ आता बिनचूक, आणि कोरडी.

आज त्याचा शेवटचा रविवार. वहीत दोनच शब्द. ‘उद्या जातो.’

“मार्क द्या ना,” तो म्हणाला. “कागदांवर सही झाली. सामानही गेलं पुण्याला.”

मी पेनाला टोपण लावलं. पानं मागे उलटत त्या पत्रापाशी आले.

“अंबरीश…” ‘जी’ कुठे गळून पडलं कळलंच नाही. “तुझी बढती माझ्यापायी जायला नको, म्हणून चुका शोधत बसले. याला मार्क नको होते रे, उत्तर हवं होतं.”

बाहेर मंडीदीपची बस लागली होती.

“थांब, म्हणायचं होतं मला. तेव्हाही… आताही.”