अल्विनाची तीन मिनिटं

सन दोन हजार एकोणीस. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. मका निम्मा निघाला होता, निम्मा उभा वाळत होता. बुधवारची रात्र. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. ज्याच्यावर हे गुदरलं तो वेर्लिन टॅगर्ट माझ्या बांधाचा शेजारी, आणि खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती.

वेर्लिन तेव्हा काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, मंडळाचा अध्यक्ष होता. रस्ते, पाणी, कुठल्या जमिनीवर काय उभं राहणार, सगळं त्या पाच जणांच्या हाती. दुसऱ्या दिवशी शेवटची सुनावणी होती. क्रोगरांच्या रस्त्यावर डुकरं पाळण्याचा मोठा कारखाना यायचा होता. त्यासाठी रस्ता बंद करायचा आणि शेतजमीन कारखान्याला मोकळी करायची. वेर्लिनचं मत ठरलेलं होतं. हो.

सुनावणीची पाटी त्या रस्त्याच्या तोंडाशी उभी असावी लागते. नसेल तर सुनावणी रद्द. आणि ती पाटी रोज कोणीतरी फिरवत होतं. अक्षरं रस्त्याकडे हवीत, तर ती क्रोगरांच्या ओसाड घराकडे वळलेली असायची.

वेर्लिनचा संशय ऑरिन बेल्कवर. ऑरिनची विहीर कारखान्याच्या जागेखालच्याच पाण्यावर. कारखान्याचे पंप लागले की आधी तीच आटणार. वेर्लिन जेवण उरकून गेला, पाटी सरळ केली, आणि पिकअपचे दिवे मालवून आत बसून राहिला.

साडेनऊच्या सुमारास एक गाडी आली. ऑरिनचीच. वेर्लिन मनात म्हणाला, सापडला.

"काय अध्यक्ष महाराज," ऑरिन खिडकीतून म्हणाला, "बायकोनं घराबाहेर काढलं काय?"

"हात दाखव. माती असेल."

"शेतकऱ्याच्या हाताला माती नाही तर काय अत्तर असेल?"

"सुनावणी रद्द झालेली तुला हवी आहे, ऑरिन. मला अक्कल शिकवू नकोस."

"मला पाणी हवं आहे. घरात पाच माणसं आहेत, दोनशे गुरं आहेत." ऑरिननं गियर टाकला. "आणि पाटीचं मला काय विचारतोस? जिचं देणं बुडवलंस तिला विचार."

तो गेला. धूळ खाली बसली.

देणं कसलं, ते वेर्लिनला ठाऊक होतं. काउंटीभर ठाऊक होतं. मंडळापुढे प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. हवी तर आपली तीन मिनिटं दुसऱ्याला देता येतात. वेर्लिन निवडून येण्याआधी त्याच्या घरामागे कचऱ्याचा डेपो व्हायचा होता. बोलता बोलता त्याची वेळ संपली. तेव्हा मागच्या बाकावरून अल्विना क्रोगर उठली. "माझी घे," म्हणाली. त्या तीन मिनिटांत वेर्लिननं डेपो परतवला. दारातच तिचा हात धरून म्हणाला होता, "ही उसनी घेतली, मिसेस क्रोगर. परत करीन."

मग त्याच वर्षी मार्चमध्ये या कारखान्याची पहिली सुनावणी झाली. अल्विनाला बाकावरून उठायला उशीर लागला. खुर्चीवरून वेर्लिन म्हणाला, "बोलणाऱ्यांची यादी बंद झाली." ती म्हणाली, "वेर्लिन, माझी तीन मिनिटं तुझ्याकडे आहेत." लोक हसले. वेर्लिननं सगळ्यांना गप्प करायला हातोडी आपटली. जूनमध्ये ती गेली.

रात्र चढत गेली. वारा नव्हता. मक्याचं पान हलत नव्हतं.

वेर्लिननं मान वर केली, दिवे लावून बघितलं. पाटी फिरलेली होती.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. कोणी नाही. "ऑरिन! पुरे झालं!" कुत्रंही भुंकलं नाही. काही नाही.

मग काचेवर... टकटक.

त्याच्या बाजूच्या काचेवर. अगदी हलकी.

"मला बोलायचं आहे."

बाईचा आवाज. म्हातारा. आता इथं त्याचं चुकलं. नऊ वर्षं खुर्चीवर बसलेला माणूस तो. तोंडाला सवय. काच बंदच होती, पण तोंडातून निघून गेलं...

"नाव आणि पत्ता सांगा."

आमच्याकडे हे एकदा विचारलं की बोलणाऱ्याचा हक्क झाला. मग त्याला खाली बसवता येत नाही. अध्यक्षालाही नाही.

"अल्विना क्रोगर."

...

"पत्ता... आता काय सांगू, वेर्लिन?"

गाडीची किल्ली त्याच्या हाताला लागेना. काचेबाहेर काळोख. वाट बघणारा काळोख.

"उद्या," तो म्हणाला. "उद्या... सगळ्यांसमोर."

मग किल्ली सापडली, आणि तो थेट घरी गेला.

सकाळच्या उजेडात त्याला पुन्हा संशय आला. ऑरिननं कुठं टेपरेकॉर्डर लपवला असेल. तो परत गेला, पाटी सरळ केली आणि रस्त्याकडेचं गवत पायानं तुडवत फिरला. सापडलं काहीच नाही.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. मी तिसऱ्या बाकावर होतो. शेवटी ऑरिन बोलला. तो बोलत होता तोवर वेर्लिनची नजर त्याच्यावरून हलली नाही. ऑरिन खाली बसला. सुनावणी संपवायला हातोडी उचलायची वेळ. वेर्लिननं ती उचलली नाही.

"पुढचं नाव," तो म्हणाला. "अल्विना क्रोगर."

चिटणीस नडीन वाकून कुजबुजली, "अहो, ती गेली ना जूनमध्ये."

"माहीत आहे. घड्याळ लाव."

"पण बोलणार कोण?"

"नडीन. घड्याळ लाव."

घड्याळाचा हिरवा दिवा लागला. समोर रिकामी जागा, एकटा माइक. आधी कोणीतरी खाकरलं. मग कोणी नाही. ऑरिनसुद्धा मान खाली घालून बसला होता. पिवळा दिवा. कोणी हललं नाही. तांबडा. तीन मिनिटं संपली.

"आभारी आहे, मिसेस क्रोगर," वेर्लिन म्हणाला.

मतं झाली. दोन हो, दोन नाही. उरला वेर्लिन.

"नाही."

लोक उठले. मी पुढच्या दारानं निघालो, माइकजवळून. शेवटचा बोलला होता ऑरिन, सहा फुटी गडी. माइक त्याच्या तोंडासमोर होता, सगळ्यांनी पाहिला होता. त्यानंतर तिथं कोणी गेलं नव्हतं.

माइक खाली वाकवलेला होता. माझ्या छातीपाशी.

अल्विना मला खांद्यालाही लागत नसे.

वेर्लिन खुर्चीवरून बघत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली. फिटलं.

चला, उठा.