येतो घेऊन

गाडीला कुलूप कुठलं लावावं, एवढंच विचारायला काचवाले आले होते.

वहिनी पूर्वी विमा कंपनीसाठी चोरीच्या गाड्यांची तपासणी करत. नोकरी सोडल्यावर त्यांनी खाजगी तपासाची कामं घ्यायला सुरुवात केली. त्यांचे धाकटे दीर, भावोजी, मोठा भाऊ वारल्यापासून त्यांच्या मदतीला होते. मदत म्हणजे चहा करायचा आणि चुकीचा माणूस पकडायचा, असं वहिनी म्हणत. भावोजींना त्याचा राग येत नसे, कारण त्यात फारसं खोटं नव्हतं.

“पिकअप आहे माझी. खिडक्यांच्या काचा पोचवतो,” काचवाले सांगू लागले. “पण कुणीतरी ती हलवतं हो. मी अंगणात लावतो आणि सापडते गल्लीच्या टोकाला. एकदा तर थेट बाजारामागे.”

“म्हणजे नेतात आणि सोडून देतात?” भावोजींनी विचारलं.

“हात साफ करून घेत असतील. तुम्ही काय करता?”

“टपाल खात्यात होतो. आता निवृत्त.”

वहिनींनी एकेक उपाय समजावून सांगितला. स्टिअरिंगला अडकवायचा लोखंडी दांडा. आकडे जुळवून उघडायचं कुलूप. इंजिनचं डिझेल तोडणारा छुपा खटका, म्हणजे जागा ठाऊक नसेल त्याची गाडी सुरूच होत नाही. आणि गाडी कुठे आहे ते घरच्यांना फोनवर दाखवणारं यंत्र.

“आकडे नकोत,” काचवाले घाईने म्हणाले. “ती कटकट कोण करणार! आणि ते यंत्रही नको. माझी गाडी कुठे आहे ते मला ठाऊक असतं.”

वहिनींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “खरं तर मी यंत्रच घ्या म्हणेन. चोर काहीही तोडो, गाडी सापडते.”

“दांडा आणि खटका. बस. जावई मेकॅनिक आहे, तो बसवून देईल.” मग ते भावोजींकडे वळले. “आणि तुम्ही काय करता?”

भावोजींनी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा सविस्तर. आपल्या नोकरीत एवढा रस घेणारा माणूस त्यांना बऱ्याच वर्षांनी भेटला होता.

“बरं, येतो,” म्हणून काचवाले उठले. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत वहिनी दारातच उभ्या होत्या.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. “गाडी गेली, बाई. कुणी नेली तेही कळलंय. जावयाने. आज संध्याकाळी पोलीस ठाण्यात जाऊन तक्रारीत त्याचं नाव लिहून देणार आहे. तुम्ही फक्त पुरावा काढून द्या.”

वहिनी आणि भावोजी लगेच निघाले.

काचवाले खाटेवर बसले होते. पाय कोमट पाण्याच्या टबात. दोन्ही टाचांना फोड आले होते.

“पाय का दुखतायत कोण जाणे,” ते म्हणाले.

“दिवसभर उभ्याने काम असतं ना,” त्यांची बायको चटकन म्हणाली आणि टबात गरम पाणी ओतायला वाकली.

“परवा काय झालं ते सांगा,” वहिनी म्हणाल्या.

“जेवलो, पडलो. संध्याकाळी चहा घेऊन अंगणात आलो, तर जागा मोकळी. कुलूप तुटलं नाही, काच फुटली नाही. चावी ही इथेच होती, दारामागच्या खिळ्याला.”

“आणि दांडा?”

“तोही तिथेच. दिसतोय ना.”

चावीशेजारच्या खिळ्याला दांडा नीट टांगला होता. भावोजींनी तो उचलून पाहिला. चांगला जड होता.

“म्हणजे त्या दिवशी दांडा लावायला विसरलात?” त्यांनी विचारलं.

“मी कधीही विसरत नाही,” काचवाले म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “जावयाने खटका बसवताना चाव्यांच्या नकला करून घेतल्या, दुसरं काय! त्याला गाडी हवी होती. केव्हापासून मागे लागलाय, बाबा, गाडी चालवणं बंद करा म्हणून.”

बायको टॉवेलने त्यांचे पाय टिपत राहिली.

समोर शिंप्याचं दुकान होतं. शिंपी मान खाली घालून शिवत होता. “मशीन चालू असलं की आवाज कुणाचा ते कळत नाही,” तो म्हणाला. “पण शब्द कानावर आले. ‘येतो घेऊन.’ मग इंजिन सुरू झालं. शाळा सुटायच्या जरा आधीची वेळ. मी गणवेश पोचवायच्या घाईत होतो, म्हणून लक्षात आहे.”

“म्हणजे दोघं होते!” भावोजी बाहेर येताच म्हणाले. “एक दुसऱ्याला सांगतोय, थांब, मी गाडी घेऊन येतो. आणि त्यातला एक जावई.”

“भावोजी, तुम्ही घरातून निघताना मला काय म्हणता?”

“येतो म्हणतो. का?”

“सहज,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. भावोजींनी तो तसा एकदाच पाहिला होता, भाऊ दवाखान्यात होता तेव्हा.

जावई गॅरेजमध्ये रिकाम्या हाताने बसला होता. “खटक्याची जागा आम्हा दोघांनाच ठाऊक आहे,” तो म्हणाला. “त्या दुपारी मी सुटे भाग आणायला गेलो होतो. दुकान बंद होतं, तसाच परत आलो. साक्षीला कोणी नाही. मीच त्यांच्या जागी असतो तर मलाच धरलं असतं.”

“गाडी चालवू नका असं का म्हणालात त्यांना?”

“एकदा हिरवा दिवा लागला तरी ते चौकात थांबूनच राहिले. मागे सगळे हॉर्न वाजवतायत आणि हे मला विचारतात, आपण कुठे चाललोय?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“घरी. दुसरं काय सांगणार!”

त्याची बायको, म्हणजे काचवाल्यांची मुलगी, आतल्या फळीवर बसून होती. रडून तिचा आवाज बसला होता. “ह्यांचं नाव एकदा तक्रारीत आलं की मी माहेरी कुठल्या तोंडाने जायचं? आणि नाही गेले, तर त्या दोघांना दुसरं आहे कोण?”

“वडिलांचा तुमच्यावर फार जीव असेल.”

ती रडता रडता हसली. “सगळ्या शाळेत मी एकटीच मालाच्या गाडीतून घरी जायचे. मुली चिडवायच्या. पण कुणाचेही वडील उशिरा यायचे, माझे नाही. शाळा सुटायच्या आधी पायऱ्यांपाशी हजर. आता ती शाळाच बंद पडलीय.”

वहिनी ताडकन उठल्या. “दोघंही चला माझ्याबरोबर. ते ठाण्यात जायच्या आत पोचायला हवं.”

काचवाले आतल्या खोलीत ठाण्यात जाण्यासाठी तयार होत होते. चष्मा कुठे ठेवला म्हणून त्यांची शोधाशोध चालली होती. वहिनींनी बाकीच्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

“गाडी चोरीला गेलेली नाही,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “चोर स्टिअरिंगचा दांडा तोडेल, फेकून देईल. तो काढून घरात आणून खिळ्याला कशाला टांगेल? गाडी काढण्याआधी दांडा जागेवर टांगायचा, ही सवय मालकाची.”

“पण चावी?” भावोजींनी विचारलं.

“ती परत आली. मालकाच्या खिशातून, पायी. त्यांच्या टाचा बघितल्यात ना? दुपारभर झोपलेल्या माणसाच्या पायांना फोड येत नाहीत.”

जावयाने मान वर केली. मुलगी आईकडे बघू लागली.

“शिंप्याने शब्द ऐकले, ‘येतो घेऊन.’ चोर ‘जातो घेऊन’ म्हणेल. तेही म्हणायला त्याला कुणी ऐकणारं लागेल. घरातून निघताना ‘येतो’ म्हणतो तो घरचाच माणूस, आणि तो म्हणतो दारात उभ्या असलेल्या माणसाला.” वहिनींनी काचवाल्यांच्या बायकोचा हात धरला. “तुम्ही जाग्या होतात.”

बाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

“मला वाटलं, काचा आणायला चाललेत,” त्या म्हणाल्या. “दिवेलागणीला आले ते चालत. घामाघूम. काही न बोलता चहा प्यायले, अंगणात गेले आणि म्हणाले, गाडी चोरीला गेली. मी काय सांगणार होते त्यांना? मागेही असंच झालं होतं. गाडी कुठेतरी ठेवून यायचे आणि कुणी हलवली म्हणायचे. कुलुपं आणली म्हटल्यावर मला बरंच वाटलं, जिवाला शांतता मिळेल म्हणून. जावयाचं नाव घेतील असं स्वप्नातही नव्हतं. दोन दिवस जीव नुसता टांगणीला लागलाय. इकडे नवरा, तिकडे लेकीचा संसार.”

भावोजींना आता सगळं आठवू लागलं. एकच प्रश्न दोनदा. आकड्यांची ती भीती. आणि आपण केवढ्या उत्साहाने टपाल खातं सांगत बसलो होतो! त्यांची त्यांनाच लाज वाटली.

“पण गाडी आहे कुठे?” जावयाने विचारलं.

“आईंना ठाऊक नाही. बाबांनाही आठवत नाही,” वहिनी म्हणाल्या. “पण शाळा सुटायच्या वेळी ते कुणाला तरी घेऊन यायला निघाले होते.”

मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

गाडी सापडली, एवढंच काचवाल्यांना सांगितलं. त्यांनी खिळ्याची चावी खिशात टाकली. जावयाने गॅरेजमधली एक गाडी आणली होती. त्याच्या शेजारी बसायला ते तयार नव्हते, म्हणून भावोजी पुढे बसले.

बंद शाळेचं फाटक अर्धवट उघडं होतं. आवारात गवत माजलं होतं. मागच्या बाजूला, पायऱ्यांना अगदी लागून, पिकअप उभी होती. तिच्या टपावर पानं पडली होती.

काचवाले गाडीकडे बघत राहिले. मग पायऱ्यांकडे, मग कुलूप लावलेल्या दाराकडे. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा राग ओसरला आणि तिथे नुसती भीती उरली. ते मुलीकडे वळले.

“उशीर झाला का ग?”

“नाही बाबा,” ती म्हणाली. “आत्ताच सुटली.”

त्यांनी मान हलवली. खिशातून चावी काढली, जरा वेळ मुठीत धरली आणि जावयापुढे केली. “चालव तू. आज मला नीट दिसत नाहीये.” मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “मी तुझ्याबद्दल काहीतरी बोललो होतो ना रे? वाईट?”

“नाही बाबा. काही नाही बोललात.”

जावई चाकामागे बसला. मुलगी मधे, काचवाले कडेला. गाडी सुरू होईना. जावई हात न हलवता तसाच बसून राहिला.

भावोजी खटक्याची आठवण करून द्यायला पुढे होणार, तोच वहिनींनी त्यांचा दंड धरला.

काचवाले मुलीच्या पायांवरून वाकले, चटईखाली हात घातला. बोटं न चाचपडता नेमकी खटक्यावर गेली. इंजिन सुरू झालं.

“ही जागा कुणाला सांगू नकोस हं,” ते लेकीला म्हणाले. “आम्हा दोघांनाच ठाऊक आहे.”