पंखा थांबलेलं विमान

हे मी रचलेलं नाही. रचायचं असतं, तर स्वतःच्या बहिणीला त्यात ओढलं नसतं.

पुण्यात घडलं हे, धायरीत. सन दोन हजार एक, डिसेंबर महिना, गुरुवार. असलं काही रात्रीच घडतं असं लोक म्हणतात. तेव्हा सकाळ होती आणि लख्ख ऊन पडलं होतं.

ज्याच्यावर बेतलं तो अभय, माझा भाचा. माझ्या धाकट्या बहिणीचा, हिराचा एकुलता मुलगा. त्यानं मला हे एकदाच सांगितलं. जसं सांगितलं तसंच लिहितो.

अभय कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्या वर्षांत पुण्यात ज्याला त्याला तसली नोकरी हवी होती, याला ती लागली होती. पहिल्या पगारात त्यानं आईला साडी घेतली आणि स्वतःला एक जुना कॅमेरा. रोलचा. सगळं हातानं लावायचं.

छंद कसला, तर विमानांचे फोटो काढायचे. तीही प्रवाशांची नाहीत. लष्कराची पंख्याची छोटी विमानं, ज्यांत नवी मुलं उडायला शिकतात. आत शेजारी शेजारी दोन खुर्च्या, एक शिकवणाऱ्याची, एक शिकणाऱ्याची. वर काचेचं झाकण.

"जेट का नाही काढत रे?" मी एकदा विचारलं होतं.

"मामा, जेट आलं कधी आणि गेलं कधी, कळत नाही. हे बिचारं घुंघुं करत येतं. बघायला वेळ देतं."

हिरा हसली होती. "बिगारी कामाला होते तेव्हा मीपण बघायची. डोक्यावर घमेलं आणि मान वर. मुकादम ओरडायचा, 'ए बाई, तुला न्यायला आलंय का ते?'"

आम्ही सगळेच हसलो होतो.

या विमानांचा फोटो काढताना एक नियम असतो. शटर हळू ठेवायचं. मग फिरणारा पंखा धुरकट गोल दिसतो आणि विमान जिवंत वाटतं. शटर फार जलद ठेवलं, तर पंख्याची पाती जागच्या जागी थिजतात. विमान हवेत मरून लटकल्यासारखं दिसतं.

असा फोटो अभय ठेवत नसे. फाडून टाकायचा.

नोव्हेंबरात हिराला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. एक हात तेवढा हलायचा, त्या हाताच्या बोटात चांदीची अंगठी होती. काही हवं असलं की ती अंगठी लोखंडी खाटेच्या दांडीवर वाजवायची.

टक...

टक...

सावकाश. दोन ठोक्यांच्या मध्ये दम खाऊन.

तिची मागणी एकच असायची. खिडकी उघडा. जन्म उघड्यावर काम करण्यात गेलेला. बंद खोली तिला सोसायची नाही.

एका दुपारी तिला उचलून गॅलरीत बसवलं, तेव्हा अभयनं तिचा फोटो काढला. ऊन कडक होतं, म्हणून शटरची चकती हजारावर, सगळ्यात जलद आकड्यावर, नेली. हिरानं चालत्या हातानं डोक्यावर पदर घेतला आणि सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. त्याआधी तिचा धड फोटोच नव्हता. मतदान कार्डावर होता, पण त्यात तिला मीसुद्धा ओळखलं नसतं.

पुढच्याच सोमवारी ती गेली.

रविवारी जलदान विधी ठरला. बिबवेवाडीच्या घरी सगळी तयारी चालली होती. गुरुवारी सकाळी अभय दाढी करून बाहेर आला, तर हिराचा नवरा रामदास दारातच बसला होता.

"फोटो कुठंय?" त्यानं विचारलं. "मोठा करायला टाकायचाय. मी चौकट सांगून आलोय."

"रोलमध्येच आहे, बाबा. दोन फोटो राहिलेत. ते काढले की लगेच धुवायला देतो."

"दोन फोटोंपायी आईला डबीत कोंडून ठेवलंयस?"

अभयनं कॅमेरा गळ्यात अडकवला.

त्याची बायको आम्रपाली म्हणाली, "अहो, द्या ना तसाच. दोन वाया गेले तर काय बिघडलं?"

पण रोलवाल्यांची एक खोड असते. रोल संपल्याशिवाय कॅमेऱ्यातून काढवत नाही. मंडईजवळच्या स्टुडिओवाल्याकडे त्यानं एकदा अर्धा रोल नेला होता. स्टुडिओवाल्यानं चष्म्यावरून बघून विचारलं, "साहेब, आपण दाढीपण अर्धीच करता का?"

आणि खरं सांगायचं तर त्या घरात त्याला बसवत नव्हतं. रिकामी खाट अजून तिथंच होती.

"तासाभरात येतो," म्हणाला आणि स्कूटर काढली.

लष्कराच्या तळाजवळ कॅमेरा काढायला मनाई असते. म्हणून अभय लांब धायरीत जायचा. तिथं शेतांतून इमारती उठत होत्या. त्यातल्या एका अर्धवट इमारतीच्या गच्चीवरून, खडकवासल्याकडे गिरक्या घेणारी विमानं छान दिसायची. तिथला राखणदार कोंडीराम ओळखीचा झाला होता.

"या, साहेब. लई दिसांनी."

"आई गेली, कोंडीराम."

कोंडीरामनं हातातली तंबाखू मळायची थांबवली. "आन् तुमी फोटू काढाया आला?"

"दोनच काढायचेत. लगेच उतरतो."

"जावा. पर गच्चीचं दार लोटू नका. वरनं उघडत न्हाई ते."

अभयनं वर जाऊन पत्र्याच्या दाराला वीट लावली. दार उघडं राहिलं, हे त्यानं दोनदा पाहिलं.

खाली काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता. एक माणूस पाइपनं नव्या भिंतीवर पाणी मारत होता. समोरच्या चाळीत दोरीवर साड्या वाळत होत्या, कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

मग ओळखीचं घुंघुं आलं.

एकटंच विमान होतं. नेहमीपेक्षा खूप खाली. सरळ त्याच्याकडे येत होतं.

अभयनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं.

खट्.

रोल पुढे सरकवला तेव्हा त्याचं लक्ष चकतीकडे गेलं. हजारावर होती. आईच्या फोटोच्या वेळी नेलेली, ती तशीच राहिली होती. पंखा थिजला असणार. अभय स्वतःवर चरफडला. चकती साठावर आणली आणि वर पाहिलं.

विमान तिथंच होतं.

आवाज मात्र नव्हता...

पंखा थांबला होता. एक पातं वर, एक खाली.

इंजिन बंद पडलं, आता कोसळणार, असं त्याला वाटलं.

ते कोसळलं नाही. पुढेही आलं नाही. लटकून राहिलं.

मग त्याला कळलं की मिक्सरही ऐकू येत नाहीये. रेडिओ नाही. कुत्रं नाही. काहीच नाही...

त्यानं कठड्यावरून वाकून पाहिलं. पाइपातून निघालेलं पाणी भिंतीपर्यंत पोचलंच नव्हतं. वाकवलेल्या काचेच्या कांडीसारखं मध्येच थबकलं होतं. दोरीवरची साडी वाऱ्यानं फुगली होती आणि फुगलेलीच राहिली होती. कोंडीरामचा तंबाखूची चिमूट धरलेला हात तोंडाजवळ होता.

तो हात आत जात नव्हता. खाली येत नव्हता.

अभय दाराकडे पळाला.

दार बंद होतं.

वीट बाजूला उभी होती. कुणीतरी नीट उचलून ठेवल्यासारखी.

त्यानं दोन्ही मुठींनी दारावर मारलं. पत्र्याचं दार ते, चाळ उठवील एवढा आवाज व्हायला हवा होता.

आवाज आलाच नाही...

त्यानं कोंडीरामला हाक मारली. पुन्हा मारली. घसा ताणल्याचं जाणवत होतं, पण त्याची हाक त्याच्याच कानांपर्यंत पोचत नव्हती. खांदा लावला, लाथा घातल्या. दार भिंतीत रंगवल्यासारखं घट्ट होतं.

पाण्याच्या टाकीची सावली पायाशी पडली होती, ती तिथून हलेना. मनगटावरचं घड्याळही थांबलं होतं. किती वेळ गेला, ते त्याला कधीच सांगता आलं नाही. एवढंच म्हणाला, "मामा, तहानेनं ओठ फुटले. हनुवटीला हात लावला तर खुंट लागले."

ऊन तेच. सावली तीच. वर ते विमान.

आणि मग...

टक...

त्यानं झटकन मान वळवली. दाराकडे पाहिलं. टाकीकडे पाहिलं.

टक...

त्या सगळ्या मुक्या जगात तेवढा एकच आवाज. तो दारातून येत नव्हता. टाकीतूनही येत नव्हता.

हातातल्या कॅमेऱ्यातून येत होता.

आतून.

तो फेकून द्यावासा वाटला. तरी त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि लांबचं जवळ आणणारं भिंग विमानाच्या काचेवर नेलं.

दोन खुर्च्या. एकीत डोक्यावर पदर घेतलेली बाई.

हिरा.

ओठ हलत नव्हते. नजर सरळ त्याच्याकडे, गॅलरीत होती तशीच. एक हात काचेवर. बोटातली अंगठी काचेला लागली की हातातला कॅमेरा वाजायचा.

शेजारच्या खुर्चीत हेल्मेट घातलेलं कुणीतरी होतं. तोंड पलीकडे वळवलेलं. अजिबात हालचाल नाही.

टक...

ती काय मागतेय, हे अभयला सांगावं लागलं नाही. तिनं दुसरं काही कधी मागितलंच नव्हतं.

उघड.

पण उघडायचं काय, हेही त्याला कळत होतं. कॅमेऱ्याचं पाठचं झाकण. ते उघडलं की भर उन्हात रोल जळणार. गॅलरीतली आई जाणार. पदर सावरून पाहणारी, जगात एकाच ठिकाणी उरलेली. रविवारी लोक येणार. बाबा चौकट सांगून आलेत.

कॅमेरा पोटाशी धरून तो खाली बसला. "आई, तेवढं नको," म्हणाला. "दुसरं काहीही माग."

त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

टक...

आता मधला दम लांबला होता. फार लांबला होता. शेवटच्या रात्रीसारखा. त्या रात्री गार हवा बाधेल म्हणून डॉक्टरांनी खिडकी बंद ठेवायला सांगितलं होतं. टकटक पहाटेपर्यंत चालली होती. खिडकी कुणीच उघडली नव्हती.

टक...

अभयनं डोळे मिटले. बाजूची खुंटी वर ओढली.

झाकण उघडलं. ऊन आत पडलं.

आणि एकदम कानठळ्या बसल्या. मिक्सर, रेडिओ, कुत्री, भिंतीवर आपटणारं पाणी, सगळं एका दमात. डोक्यावरून विमान घुंघुं करत गेलं. पंखा धुरकट गोल फिरत होता. ते खडकवासल्याकडे वळलं आणि बारीक होत गेलं. काचेच्या आत कोण होतं, ते दिसलं नाही.

दार उघडं होतं. वीट दाराला लावलेली होती.

तो खाली आला तेव्हा कोंडीराम तंबाखू तोंडात टाकून हात झाडत होता.

"येवढ्यात झालं बी? आत्ता तर वर गेलासा..." आणि त्यानं अभयच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"काय झालं?" अभयनं विचारलं.

"साहेब, जाताना तुमची दाढी केल्याली व्हती."

अभय घरी पोचला. रामदास दारातच बसला होता. त्यानं मुलाचे वाढलेले खुंट पाहिले, फुटलेले ओठ पाहिले, उघडा कॅमेरा पाहिला. तो रागावेल असं आम्रपालीला वाटलं.

"बाबा, खिडकी उघडली," अभय म्हणाला.

रामदासनं कॅमेऱ्याचं उघडं झाकण बोटानं चाचपलं. मग म्हणाला, "बरं केलंस."

मंडईजवळच्या स्टुडिओवाल्यानं रोल धुवून पाहिला. पहिल्यापासून शेवटपर्यंत काळा. रविवारी चौकट रिकामीच ठेवली. तिच्यासमोर हिराची अंगठी. आलेल्यांपैकी कुणी कुणी विचारलं, आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

त्या दिवशी विमान बंद पडल्याचं कुठं ऐकलं नाही. आम्ही चौकशी केली. तशी विमानं आजही गिरक्या घेतात म्हणे. अभय वर बघत नाही.

कॅमेरा त्यानं मला आणून दिला. "मामा, घरात नको." मी तो पेटीत ठेवला. आत रोल नव्हता, मी स्वतः पाहिलं होतं.

इथंच संपलं असतं, तर मी हे लिहायला बसलो नसतो.

एका दुपारी घरात मी एकटाच होतो. पेटीतून आवाज आला.

टक.

उंदीर असेल म्हटलं. पेटी उघडली. आवाज कॅमेऱ्यातून येत होता. मी झाकण उघडून तो खिडकीत ठेवला. खिडकीही उघडी टाकली. ती तेव्हापासून मी लावलेली नाही, पावसातसुद्धा नाही.

आवाज थांबलेला नाही.

परवा अभयला सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या शेजारच्या खुर्चीत कोण होतं रे?"

"तोंड पलीकडे होतं, मामा." मग माझ्याकडे बघत म्हणाला, "तुम्ही का विचारताय?"

मी विषय बदलला.

हिराची टकटक मी ओळखतो. सावकाश, मध्ये दम खाणारी. ही तशी नाही.

ही घाईची आहे...

झाकण उघडं आहे. खिडकी उघडी आहे. अजून काय उघडायचं राहिलंय, ते मला कळत नाही.