घरात, बाहेर, वाटेत

कॉम्प्युटर बिघडला की लोकांना भूत दिसतं, मला ढिली वायर दिसते. पंचवीस वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवतोय, एकही भूत भेटलं नाही. त्यामुळे त्या बाईंनी दुपारी जुनं मशीन टेबलावर ठेवून "यातली जुनी सिस्टिम कायमची काढून टाका" म्हटलं, तेव्हा मी निवांतपणे चष्मा पुसला.

मशीन चालू केलं की पडद्यावर दोन ओळी यायच्या, नवी सिस्टिम आणि जुनी. दहा सेकंदांत एक निवडायची. नवी बाईंच्या ऑफिसच्या कामाची, जुनी त्यांच्या वडिलांची. वडील तीन वर्षांपूर्वी वारलेले.

"असू द्या की आठवण म्हणून. जागा कितीशी खातेय?"

"जागेचं नाही हो, काका! आई दिवसभर त्याच्यापुढे बसून असते. जेवत नाही, धड बोलत नाही." त्या चिडून बोलल्या आणि लगेच त्यांचे डोळे भरले. "धाकटा भाऊ बाबांशी भांडून घर सोडून गेला. बाबा गेले तेव्हाही आला नाही. तिला वाटतं, याच्यातून त्याचा पत्ता लागेल."

मी जुनी सिस्टिम उघडली. आत एकच फाइल. वडिलांना रोज संध्याकाळी घरच्यांची हजेरी घ्यायची सवय. मी, ही, थोरली, धाकटा असे चार रकाने. चौघांपुढे 'घरात' पडलं की खाली 'सगळे घरात' लिहून मशीन बंद करायचे आणि मगच झोपायला जायचे. गंमत वाटली मला त्या माणसाची.

पण नोंदी ते गेल्यावरही चालू होत्या. रोजच्या रोज. मी: बाहेर. धाकटा: बाहेर.

"आईच टाइप करते," बाई म्हणाल्या. "दुसरं कोण करणार?"

पटलं. एवढंच खटकलं की स्वतःला 'ही' कोण म्हणतं? शिवाय गेल्या आठवड्यापासून नोंद बदलली होती. मी: वाटेत. धाकटा: वाटेत.

कॉपी केल्याशिवाय मी काही पुसत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो. फाइल माझ्या डिस्कवर घेतली, उघडून पाहिली. कॉपीतली शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची.

"बाबा गेले तो दिवस," बाई हळूच म्हणाल्या.

परत कॉपी केली. तिसऱ्यांदा केली. तेच. मूळ फाइलमध्ये मात्र कालपर्यंतच्या नोंदी. माझं डोकंच चालेना, पण खरं सांगतो, मजाही येत होती. पंचवीस वर्षांत असा बिघाड हाती लागला नव्हता. इंटरनेटची वायर जोडलेली नव्हती. कीबोर्ड काढून बाजूला ठेवला.

पडद्यावर आजची ओळ उमटली.

ही: घरात. थोरली: बाहेर. धाकटा: दारात. मी: दारात.

माऊसवर माझा हात तसाच राहिला.

"पुसून टाका," बाई म्हणाल्या. मग त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "नको, थांबा! पुसलं आणि तो आलाच नाही तर?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आईचा आवाज मलाही ऐकू येत होता. तीन वर्षांत त्या घरात इतक्या आनंदाने कोणी बोललं नसेल.

"अगं, धाकटा आला! किती वाळलाय. तू ये लवकर, दोघंही जेवायचे थांबलेत तुझ्यासाठी."

"दोघं कोण, आई?"

"असं काय विचारतेस? ये आधी."

बाई मशीन तिथेच टाकून धावत सुटल्या. मी हाका मारल्या, त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

पडद्याकडे बघितलं. थोरली: वाटेत.

मी खुर्चीत बसून राहिलो. चाळीस मिनिटांनी बाकी तिघांसारखं थोरलीपुढेही 'घरात' आलं. खाली ओळ उमटली. सगळे घरात.

मशीन आपोआप बंद झालं.

पुन्हा चालू केलं तर पडद्यावर एकच ओळ, नव्या सिस्टिमची. जुनीची जागा रिकामी. मी काहीही पुसलं नव्हतं.

दोन महिने झाले. बाईंचा फोन लागत नाही. मशीन न्यायला त्या घरातून अजून कोणीही बाहेर आलेलं नाही.