अकरा मिनिटांनी बंद पडणारं चार्जिंग

भुताची गोष्ट म्हटली की लोक रात्र धरून चालतात. ही भर दुपारची आहे.

ज्याच्यासोबत घडली तो मुकेश माझा सख्खा मावसभाऊ. थापा मारायचा त्याचा स्वभावच नाही. वायरचा रंग सांगायचा तरी दोनदा बघून सांगतो. तुम्हाला पटलं तर ठीक, नाही पटलं तरी ठीक. मी यात पदरचा एक शब्द घातलेला नाही.

मागच्या मे महिन्यातला गुरुवार. बोर धरणाजवळचं हिंगणी गाव.

मुकेशचं वर्ध्याला गॅरेज आहे. इलेक्ट्रिक गाड्यांचं काम तो पुण्याहून शिकून आला होता. त्या दिवशी सकाळी त्याला दिपाली नावाच्या बाईंचा फोन आला. हिंगणीच्या शाळेत शिक्षिका. घरात त्या आणि त्यांची आई, अनुसयाबाई, दोघीच.

"मुकेशभाऊ, गाडी चार्जच नाई होऊन राह्यली. उद्या सकाळी आईचं डायलिसिस हाय वर्ध्याले. सोमवारची पाळी चुकली. आता पाय लय सुजले."

आईला नेण्या-आणण्यासाठीच दिपालीनं आठवड्यापूर्वी ही गाडी घेतली होती. जुनी, पण दिसायला चांगली. डीलरनं भरून दिलेली बॅटरी संपली आणि गाडी अडली. लग्नसराईत भाड्याची गाडी मिळत नव्हती आणि बसचे धक्के म्हातारीला सोसत नव्हते.

मुकेश मोटरसायकलवर निघाला. एक वाजता पोचला. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

गाडी अंगणात कडुनिंबाखाली उभी होती. पांढरी. बॅटरी सहा टक्के.

ओसरीवर खाटेवर अनुसयाबाई पडून होत्या. तोंड गाडीकडे.

मुकेशनं आधी घराचा प्लग तपासला. अर्थिंग खराब निघालं. त्याला हायसं वाटलं. अर्थिंग नसलं की या गाड्या चार्जिंग घेतच नाहीत, हे त्यानं शंभरदा पाहिलं होतं. घरामागचा अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडला होता. त्यात दोन बादल्या पाणी ओतलं, मीठ टाकलं, सुटलेली तार घट्ट केली. मीटरवर आकडा बरोबर आला.

गाडीला केबल लावली. हिरवा दिवा लागला.

"झालं मॅडम," तो म्हणाला.

दिपालीनं चहा आणला. तो पिऊन कप खाली ठेवला, तेवढ्यात…

टक.

दिवा विझला. चार्जिंग बंद.

त्यानं घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं.

मग त्यानं स्वतःची केबल लावली. अकरा मिनिटं… टक.

गाडीचं चार्जिंगचं तोंड उघडून पिना साफ केल्या. अकरा मिनिटं… टक.

पुढची छोटी बॅटरी बदलून पाहिली. तेच.

आता मात्र त्यानं स्कॅनर जोडला. गाडीत काय बिघडलं ते हे यंत्र सांगतं. मुकेश वाचत गेला. बिघाड एकही नव्हता. बॅटरी चांगली. चार्जर चांगला. वायरिंग चांगलं.

प्रत्येक वेळेपुढे एकच नोंद होती. चार्जिंग आतून बंद केलं.

आतून, म्हणजे डॅशबोर्डच्या स्क्रीनवरचं बटन दाबून.

गाडी लॉक होती. चावी मुकेशच्या खिशात.

तो मागच्या नोंदी बघत गेला. आधीच्या मालकाच्या काळातल्या. दोन वर्षांपूर्वीपर्यंत गाडी रोज नीट चार्ज झालेली. मग एका दिवसापासून… आतून बंद. आतून बंद. आतून बंद. शेकडो वेळा.

दिपालीनं नागपूरच्या डीलरला फोन लावला. तो म्हणाला, आधीचे लोक गाडी विकून बाहेरदेशी गेले, नंबर नाही.

"आत बसून पाहतो," मुकेश म्हणाला.

केबल लावून तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. दारं लावली. आत भट्टी. हातभर अंतरावरून स्क्रीनवर नजर रोखून बसला. घाम डोळ्यांत जात होता, तरी पापणी लववली नाही.

नऊ मिनिटं. दहा.

बाहेर कावळे ओरडत होते… ते एकदम थांबले.

गाडीत गारवा आला. एसी बंद होता.

मागच्या सीटवरून कोणीतरी पुढे वाकावं तसा कपड्याचा आवाज झाला. कानाजवळून काहीतरी सरकलं…

स्क्रीनवर धूळ होती. त्या धुळीत, बरोबर बटनावर, एका बोटाचा ठसा उमटला.

टक.

मुकेश बाहेर कसा आला ते त्यालाही आठवत नाही. मागची सीट रिकामी होती, एवढं मात्र त्यानं पाहिलं.

ओसरीवरून अनुसयाबाईंनी विचारलं, "ते बाई उतरली काय रे बापू?"

"कोणती बाई, आजी?"

"मांगं बसते ते. गाडी आणली तवापासून हाय."

दिपाली ओरडली, "आई, काई बी नोको बोलू! भाऊ, तिचं डोकं जागेवर नाई राहत आजकाल. पाळी चुकली का असंच होते."

मुकेश खाटेजवळ गेला. हळू आवाजात विचारलं, "काई बोलते काय ते?"

"नाई. माह्याकडं पाहते, अन मान हालवते. नाई… नाई म्हणून."

खरं तर त्यानं तेव्हाच गाडीवर ताडपत्री टाकायला हवी होती. हे तो आता म्हणतो. पण समोर ती म्हातारी होती. पाय मडक्यासारखे सुजलेले. दिपाली पदरानं डोळे पुसत होती. आणि मुकेशला आपल्या हाताचा अभिमान होता, तोही होताच.

त्यानं डॅशबोर्ड उघडला आणि स्क्रीनची वायर काढून टाकली. बटनच नाही, तर दाबणार कोण?

केबल लावली.

दहा मिनिटं. अकरा.

बारा.

दिवा हिरवाच राहिला.

दिपाली खाली बसून रडली. मुकेशनं स्टिअरिंगसमोरच्या मीटरवर टक्के चढताना पाहिले आणि सामान आवरलं. "सकाळपर्यंत फुल होईल. बिनधास्त न्या."

निघताना तो अनुसयाबाईंच्या पाया पडला. त्या अजून गाडीकडेच बघत होत्या.

"आता मान नाई हालवत ते," त्या म्हणाल्या. "आता नुसती पाहून राह्यली."

शुक्रवारी सकाळी साडेसातला मुकेशचा फोन वाजला. पलीकडे दिपाली. शब्द नाहीत, नुसता श्वास. मग दवाखान्याचं नाव.

दवाखाना गॅरेजपासून जवळ. तो पाच मिनिटांत पोचला. गाडी दारासमोर उभी होती. दिपाली पायरीवर बसलेली.

"सेलूपर्यंत बोलत होती भाऊ. माह्याशी नाई… बाजूले पाहून बोलत होती. मी म्हटलं, आई कोणाशी बोलतं? तर म्हणते, तू समोर पाह्य. मंग गप झाली. मले वाटलं झोप लागली."

दवाखान्यातले लोक स्ट्रेचर घेऊन येत होते. त्यांच्या आधी मुकेशनं मागचं दार उघडलं.

अनुसयाबाई गेल्या होत्या. चेहरा शांत.

डोकं डाव्या बाजूला कललेलं. एखाद्याच्या खांद्यावर टेकवावं तसं.

डावीकडे कोणीच नव्हतं. डोक्याखाली हातभर रिकामी जागा… आणि डोकं तिथेच, हवेत टेकलेलं.

वॉर्डबॉयनं हात लावला, तेव्हा कुठे ते खाली पडलं.

मुकेशची नजर मीटरवर गेली. हिंगणीपासून तीसएक किलोमीटर गाडी चालून आली होती.

शंभर टक्के. एकही उतरला नव्हता.

गाडी त्यानंतर महिनाभर दवाखान्याच्या कंपाउंडमध्येच उभी होती. दिपाली ती न्यायला आली नाही. एक दिवस जागा मोकळी दिसली. कोणी नेली, रखवालदाराला माहीत नाही. दिपालीनं विकली नाही. चावी अजून तिच्याकडेच आहे.

मुकेश आता फक्त मोटरसायकली दुरुस्त करतो.

दिवाळीत मी त्याला विचारलं, "ती बाई त्यांना वाचवत होती, का वाट पाहत होती?"

त्यानं फराळाची ताटली बाजूला सरकवली.

"मले नाई माईत. पण पाच वेळा तिनं बंद केलं, अन पाचही वेळा मी…"

वाक्य अर्धंच टाकून तो उठून आत गेला.

माझी बायको परवा म्हणाली, आपणही एक जुनी इलेक्ट्रिक घेऊ या, स्वस्त मिळतेय. फोटो दाखवला. पांढरी आहे. नागपूरची.

मी अजून हो किंवा नाही म्हटलेलं नाही. फोटोत मागची काच काळी दिसते… आणि मला तो फोटो मोठा करून बघायची हिंमत होत नाही.